भृंगराजाचे स्वच्छ पाय

ही गोष्ट तुम्हाला सांगायची नाही, असं मोठ्या बाईंनी मला बजावलं आहे. तुमच्या बाई आज रजेवर आहेत, म्हणून तुम्हाला गप्प बसवायला मला आठवीच्या वर्गातून पाठवलं. "सांगायचीच झाली तर कासवाची सांग," असं मोठ्या बाई म्हणाल्या. मी मान हलवली. माझ्या गोष्टीत कासव आहे. म्हणजे मी अगदीच खोटं बोलले नाही.

दार लोटून घ्या. कडी लावा. मागच्या बाकावरच्यांनी पुढे या, मला मोठ्याने बोलता येत नाही.

एका जंगलात मोहाचं एक उंच झाड होतं, आणि त्याच्या शेंड्यावर एक भृंगराज राहत असे.

भृंगराज म्हणजे काळाभोर, चकचकीत पक्षी. शेपटीला दोन लांब तारा, तारांच्या टोकाला दोन पिसं. दिसायला मोठा ऐटबाज. पण त्याची खरी ऐट गळ्यात होती. त्याला कुणाचाही आवाज काढता येई. मोराचा, माकडाचा, पाडसाचा. जंगलात असा एकच आवाज होता, जो त्याला जमत नव्हता. तो होता साळिंदरांचा.

साळिंदरं बिळाबाहेर मोठ्याने बोलतच नाहीत, मुलांनो. बिळात कुजबुजतात. बाहेर आली की शेपटीचे पोकळ काटे वाजवतात. खळखळ, खळखळ. प्रत्येकाची खळखळ वेगळी. पोर आपल्या आईची खळखळ बरोबर ओळखतं. भृंगराजाने पुष्कळ प्रयत्न केला. पण खळखळ गळ्यातून निघत नाही, तिला शेपटीत काटे लागतात.

आता भृंगराज खातो काय? किडे. आणि किडे मिळतात कधी? गवतातून गवे चालले, की त्यांच्या खुरांमुळे किडे उडतात. भृंगराज ते वरच्यावर टिपतो. गवे चालले तर चार किडे. गवे धावले तर पोटभर. गवे उधळले तर मेजवानी.

एवढं लक्षात ठेवा. पुढे न्यायसभेत हे कुणाच्याही लक्षात राहणार नाही.

रोज संध्याकाळी गवे मोहाखाली रवंथ करत बसायचे. भृंगराज वरून त्यांना जंगलाची खबर सांगायचा. सुरुवातीला खबर साधीच असे. कुठे पाणी आहे, कुठे गवत कोवळं आहे. गवे ऐकता ऐकता पेंगायचे. पेंगणाऱ्या गव्यांचा भृंगराजाला काय उपयोग?

एका संध्याकाळी तो म्हणाला, "गवेहो, साळिंदरं रात्रीचीच का निघतात बरं?"

"का निघतात?" एका गव्याने डोळे उघडले.

"मी काही म्हणत नाही हो. मी नुसतं विचारतोय."

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "ज्याच्या मनात पाप नाही, त्याला अंगावर एवढे काटे कशाला?" मग विचारलं, "तळ्याकाठची माती कोण पोखरतं? तळं खचलं तर तुमची वासरं पाणी कुठे पितील?" तो कधीच काही म्हणत नव्हता. नुसतं विचारत होता. गवे आता पेंगत नव्हते. आधीच येऊन जागा धरत होते.

मग एके दिवशी त्याने साळिंदर हा शब्दच सोडून दिला. तो 'वाळवी' म्हणू लागला.

"वाळवीचं काय करतात, गवेहो?"

"चिरडतात!" सगळा कळप म्हणाला, आणि नुसतं म्हणताना इतके खूर आपटले की भृंगराजाचं रात्रीचं जेवण तिथेच झालं.

तळ्याच्या काठाला साळिंदरांची बिळं होती. त्यातल्या एका बिळात साया राहायची. तिचा नवरा, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीचं नाव बिट्टी. सायाला मोहाखालचा गलका रोज ऐकू यायचा. नवरा म्हणायचा, "ओरडू दे त्याला. ओरडण्याने कुणाला भोक पडत नाही."

बिचारा.

त्या दिवशी ऊन उतरलं, आणि साळिंदरांच्या बिळांच्या बाजूने वासराचा टाहो आला. "आई गं! काटा! डोळ्यात काटा गेला गं!"

हुबेहूब वासराचा आवाज. कळप उठला. कुणी विचारलं नाही, की कुणाचं वासरू, कोणता डोळा. त्या जंगलातला रिवाजच तसा होता. पोराचा टाहो आला की आधी धावायचं, मग विचारायचं. चांगला रिवाज होता तो. कितीतरी पोरं त्या रिवाजाने वाघाच्या तोंडातून वाचली होती. भृंगराजाने बरोबर तोच निवडला.

गवे तळ्याच्या काठावरून तिकडून इकडे गेले आणि इकडून तिकडे गेले. बिळं आत बसली. साया बिट्टीला घेऊन वडाच्या मुळांत कंदमुळं उकरत होती, म्हणून दोघी राहिल्या. सायाचा नवरा आणि मुलगा राहिले नाहीत.

वर हवेत किडेच किडे उडत होते. भृंगराजाला इतके खायला मिळाले, की त्याला नीट उडता येईना.

सायाने वडाच्या मुळांखाली नवं बीळ केलं. बिट्टी त्यात शिरली ती शिरलीच. रोज संध्याकाळी साया बाहेर उभी राहून खळखळ करायची. बिट्टी दारापर्यंत यायची. तेवढ्यात मोहावरून आवाज यायचा, "वाळवी उरली का रे कुठे?" की बिट्टी परत आत. तिला तळ्यावर जाणं जमेना. ती मुळांवरचं दव चाटून राहायची. तिचे काटे भुरे पडायला लागले. हात लावला की गळायचे.

साया आधी जंगलाच्या राजाकडे गेली. वाघाने त्या दिवशी तळ्याकाठी आयतं जेवण केलं होतं. तो दात कोरत म्हणाला, "हा आमच्या जंगलातला घरगुती मामला आहे. मनाला लावून घेऊ नका."

मग तिला कुणीतरी सांगितलं, की नदीपलीकडच्या बेटावर सात जंगलांची मिळून एक न्यायसभा आहे. फार पूर्वी एक मोठी कत्तल झाली, तेव्हा सातही जंगलांनी रडत रडत ती बांधली. दारावर पाटी लावली : 'पुन्हा असे होणार नाही'. दर कत्तलीनंतर त्या पाटीला नवा रंग देतात. त्यामुळे ती नेहमी नवीकोरी दिसते.

निघताना साया बिळात कुजबुजली, "बिट्टे, मी परत आले की खळखळ करीन. ती ऐकलीस की बाहेर ये. तोवर कुणी काही म्हणू दे, येऊ नकोस."

"तू त्याला मारायला सांगणार?"

"नाही गं. त्याने ओरडणं थांबवावं, एवढंच सांगणार. मग आपण पाण्यावर जाऊ."

बेटाच्या दारावर मुंगूस उभा होता.

"शस्त्रं बाहेर ठेवायची," तो सायाला म्हणाला.

"माझ्याजवळ शस्त्र नाही, दादा," ती त्याच्या कानाशी कुजबुजली.

"मागे काय आहे?"

"शेपटी आहे."

"टोकदार आहे ना?"

"टोकदार आहे, पण—"

"मग शस्त्र. बाई, नियम मी केलेला नाही." आणि त्याने तिच्या शेपटीचे काटे एकेक करून उपटले. ते व्यवस्थित रचून ठेवले. शिस्तीचा प्राणी होता.

मागून भृंगराज आला.

"तुमच्याजवळ टोकदार काही?" मुंगसाने विचारलं.

"बोलणं आहे थोडंसं," भृंगराज म्हणाला.

मुंगूस खो खो हसला. "या साहेब, आत या."

न्यायसभेत कासव मुख्य न्यायाधीश होतं. ते अत्यंत निःपक्षपाती होतं. वादी बोलायला लागला की मान आत घ्यायचं, आणि प्रतिवादी बोलायला लागला तरी आतच ठेवायचं. शेजारी एक बगळा उभा असायचा. त्याने पाहिलेलं आणि ऐकलेलं सगळं लक्षात ठेवायचं, असं ठरलं होतं. आणि पुढे एक म्हातारं अस्वल बसायचं. सगळं त्याच्यावर होतं. कारण न्यायसभेचा कायदा एकच होता. आरोपीचे पाय हुंगायचे. रक्ताचा वास आला तर दोषी, नाही आला तर निर्दोष. अस्वलाचं नाक कधी चुकलं नव्हतं.

साया उभी राहिली. सवयीने तिने शेपटी हलवली. वाजली नाही.

"बोला," कवचातून आवाज आला.

ती कुजबुजली.

"मोठ्याने बोला. कुजबूज ग्राह्य नाही."

मुलांनो, सायाने जन्मात कधी उघड्यावर आवाज काढला नव्हता. तिच्या आईने नाही, आजीने नाही. पण बिट्टी मुळं चाटत बसली होती. सायाने छाती भरून श्वास घेतला आणि ती मोठ्याने बोलली. नवऱ्याबद्दल बोलली, मुलाबद्दल बोलली. आवाज चिरका होता, मध्येच फाटत होता. बिट्टीचं नाव घेताना तर फारच फाटला.

बगळा एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला. अस्वलाने जांभई दिली. एकटा भृंगराज मान तिरकी करून, डोळे मिटून, मन लावून ऐकत होता. सायाला वाटलं, याला पस्तावा झाला असावा. इतकं लक्ष देऊन तिचं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

कासवाने विचारलं, "यांनी तुमच्या नवऱ्याला पायाखाली घेतलं?"

"नाही."

"चोच मारली?"

"नाही."

"मग केलं काय?"

"हाक मारली."

सभेत खसखस पिकली.

भृंगराजाने पंख जोडले. "महाराज, मी कलावंत आहे. गवे माझ्याकडे हौसेने यायचे. मी कुणाला बांधून आणलं नाही. मी कुणाला मारा म्हटलं नाही. मी फक्त प्रश्न विचारले. या सभेत प्रश्न विचारायला बंदी आहे का?"

"मुळीच नाही," कासव घाईघाईने म्हणालं.

"राहता राहिला तो टाहो. तो वासराच्या आवाजात होता, हे या बाईच सांगतात. मग वासराला विचारा. माझा काय संबंध?"

वासराला आणलं. ते न्यायसभा बघून रडायला लागलं.

"तू ओरडलास का रे?"

"नाही. मी झोपलो होतो."

बगळा म्हणाला, "लक्षात ठेवतो. भृंगराजाचा आवाज नव्हता. वासरू ओरडलं नाही. म्हणजे कुणीच ओरडलं नाही."

तेव्हा वासरामागून त्याची आई पुढे आली. भुरी नावाची गवी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने आपणहून पाय पुढे केला. अस्वलाने हुंगला आणि मान डोलावली. किती घासला असेल तिने तो पाय तळ्यात! वास गेला नव्हता.

भुरी सायाकडे न बघता बोलली. "टाहो आला तेव्हा हे वासरू माझ्या कुशीत झोपलं होतं. मी खाली पाहिलं. हे होतं तिथे. दोन्ही डोळे धड होते. तरी मी धावले."



"का धावलात?" कासवाने पहिल्यांदाच थोडी मान बाहेर काढली.

"कारण पाय रोज संध्याकाळी धावतच होते, महाराज. बसल्या जागी. याच्या झाडाखाली. त्या दिवशी मी फक्त त्यांच्या मागून गेले." तिने शिंगं खाली केली. "मला शिक्षा करा. करायलाच हवी. पण एकटीला करू नका. पाय माझे होते. धाव याची होती."

क्षणभर असं वाटलं, की आता काहीतरी होणार. कासवाची मान आणखी एक बोट बाहेर आली. 

"मुद्दा विचार करण्यासारखा आहे," कासव म्हणालं. "पण विचार करायला लागलो, तर सातही जंगलांतल्या झाडांवर कोण कोण बसलंय तेही बघावं लागेल." सातही जंगलांचे पाहुणे समोरच बसले होते. सगळे खोकले. प्रत्येकाच्या घरी एकेक भृंगराज होता, आणि प्रत्येकाला आपला फार गोड वाटायचा.

मान आत गेली.

"पाय हुंगा."

अस्वलाने भृंगराजाचे पाय हुंगले. उजवा हुंगला, डावा हुंगला, समाधान होईना म्हणून पुन्हा उजवा हुंगला. "मोहाच्या फुलांचा वास आहे," ते म्हणालं. "फार सुरेख वास आहे."

निकाल लागला. भुरी दोषी. तिची शिंगं दगडावर घासून बोथट करावीत. भृंगराज निर्दोष. आवाजाला रक्त लागत नाही, त्यामुळे आवाज गुन्हा करू शकत नाही. उलट या सभेला बऱ्याच दिवसांपासून दवंडी पिटणारा हवा आहे. भृंगराजांना सगळ्यांच्या भाषा येतात. त्यांनी ही सेवा स्वीकारावी.

भृंगराजाने नम्रपणे स्वीकारली.

"आणि माझे काटे?" सायाने विचारलं.

"पुन्हा उगवतात ते," मुंगूस म्हणाला. "एक पावसाळा जाऊ दे."

साया चालत निघाली. भृंगराज उडत गेला. कोण आधी पोचलं, हे मी सांगायला नको.

सायाला वडाजवळ पोचायला फार दिवस लागले. बिळाच्या तोंडावर आतून माती लोटलेली होती. तिने शेपटी हलवली. वाजली नाही. मग ती तोंड मातीजवळ नेऊन म्हणाली, "बिट्टे, ये गं. मी आले."

आतून काही नाही.

"बिट्टे, माझ्या शेपटीचे काटे त्यांनी काढून घेतले. खळखळ करता येत नाही. मीच आहे गं."

आतून बारीक आवाज आला. "तोही हेच म्हणतो."

"काय म्हणतो?"

"हेच. काटे काढून घेतले, खळखळ करता येत नाही, मीच आहे गं. रोज म्हणतो. तुझ्याच आवाजात म्हणतो. रडतोसुद्धा."

सायाला एकदम बेटावरची तिरकी मान आठवली. मिटलेले डोळे आठवले.

 बोलून काय होणार होतं? तिने माती उकरायला सुरुवात केली. आत बिट्टीने अंधारात पाठ फिरवली. साळिंदरं घाबरली की तसंच करतात, काटे फुलवतात आणि उलट धावत येतात. माती ढासळली आणि बिट्टी मागच्या मागे आदळली. आईच्या मानेत, खांद्यात, गालात काटे घुसले. भुरे, अशक्त काटे. पण काटेच ते.

साया ओरडली नाही. उघड्यावर ओरडून एकदा झालं होतं.

कुणीच ओरडलं नाही, म्हणून बिट्टी थबकली. मग तिला वास आला. रक्ताचा. ती हळूच वळली आणि हुंगू लागली. अस्वलाने हुंगलं तसं नाही. नाक रुतवून, गाल, मान, पोटाखालची ऊबदार जागा, जिथे ती लहानपणी निजायची.

"आई," ती म्हणाली. "आई, तूच होतीस."

"चल," साया म्हणाली. "आधी पाणी पी."

दोघी बाहेर आल्या. मोहाच्या शेंड्यावर न्यायसभेचे नवे दवंडीवाले बसलेले होते. त्यांनी खाली पाहिलं. बिट्टीच्या काट्यांची टोकं लाल होती.

भृंगराजाने घसा साफ केला आणि कासवाच्या धीरगंभीर आवाजात दवंडी दिली. "ऐका हो ऐका! बिट्टी साळिंदर हिच्या अंगावर रक्त आढळले आहे. सात जंगलांच्या न्यायसभेपुढे हुंगण्यासाठी हजर व्हावे!"

मोहाखालच्या गव्यांनी माना वर केल्या. नदीच्या बाजूने अस्वल निघालंच होतं. त्याचं नाक कधी चुकत नाही.

 बिट्टी परत बिळाकडे वळली. पण साया तिच्या आणि बिळाच्या मधोमध उभी राहिली. "न्यायसभेला थांबता येतं," ती म्हणाली. "तहानेला नाही."

मग ती सगळ्या कळपाच्या देखत, कासवाच्या आवाजाखालून, बिट्टीला घेऊन तळ्यावर गेली. कुणी हललं नाही. फक्त बोथट शिंगांची एक गवी उठली आणि दोघींच्या मागे, झाडाकडे पाठ करून उभी राहिली. बिट्टी वाकली. पाणी प्यायली. खूप वेळ प्यायली. अस्वल काठावर येऊन बसलं आणि तिचं पिणं व्हायची वाट बघू लागलं.

तात्पर्य : मुलांनो, हात नेहमी स्वच्छ ठेवावेत. जेवणाच्या आधी धुवावेत, जेवणानंतर धुवावेत. कत्तलीच्या वेळी तर लांब उंचावर बसावं, म्हणजे धुवावेही लागत नाहीत. ज्याच्या हाताला रक्त नाही, तो सज्जन. ज्याचं रक्त सांडलं, त्याच्या घरात ते सापडणारच, तेव्हा चौकशी तिथूनच सुरू करावी. आणि हाक कुणी मारली हे विचारणं असभ्यपणाचं आहे, कारण हाक मारणारे बहुधा आपल्याच

थांबा. गप्प. कुणीतरी हाक मारतंय मला. तुमच्या बाईच बोलावतायत वाटतं. आवाज तर त्यांचाच आहे, अगदी त्यांचाच, कडी काढ म्हणतायत. काढू नका रे कुणी, थांबा, मी बघते आधी, कारण बाई तर आज